थंडीत पिल्ले घेताना: आधी वय पाहा, मग जात, नर-मादी शेवटी

दिवाळी सरली की आठवडी बाजारात आणि गावोगाव फिरणाऱ्या दुचाकींवर पिल्लांच्या जाळ्या दिसू लागतात. “अस्सल गावरान”, “सगळ्या तलंगाच (मादी पिल्लेच) आहेत” असे सांगून ती विकली जातात. परसातल्या कोंबड्यांचा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातचा असतो. तो बुडू नये यासाठी पैसे देण्याआधी पिल्लू हातात घ्या आणि उजेडात धरून बघा.

पहिल्यांदा वय बघा, कारण ऊब आणि लस दोन्ही वयावर ठरतात. वरच्या चोचीच्या टोकाशी बारीक पांढरा टोकदार कण दिसला तर पिल्लू दोन-तीन दिवसांच्या आतले. कवच फोडायला तो कण लागतो, नंतर गळून पडतो. पिल्लू उलटे करून नाभी बघा. ती सुकून मिटलेली हवी. ओली किंवा काळपट खपली धरलेली असेल तर परत द्या. पहिल्या आठवड्यात पंखांची पिसे वाढतात, दुसऱ्यात शेपटी आणि खांदे भरू लागतात, पाठ-छाती झाकायला चार-पाच आठवडे लागतात. डोक्यावरची लव सगळ्यांत शेवटी जाते.

खरा चकवा इथेच होतो. पंख लांब, शेपटी फुटलेली, पण अंग हातात हलके आणि छातीचे हाड बोटाला टोचते, असे पिल्लू “पंधरा दिवसांचे” म्हणून गळ्यात मारतात. ते लहान नसते, खुरटलेले असते. अंगाची वाढ थांबली तरी पिसे पुढे जात राहतात. स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.

आता जात. वनराजा आणि गिरिराज या परसासाठीच्या सुधारित जाती, दोन्ही रंगीबेरंगी. एक दिवसाच्या पिल्लावरून त्यांत फरक करता येत नाही. तिथे उबवणी केंद्राची पावती हाच पुरावा. शासनाचे एक मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. आगाऊ नोंदणीबद्दल तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. कडकनाथची मात्र तपासणी होते. काळी पिसे बघून भुलू नका. तळपाय, चोच, जीभ आणि पिसांखालची कातडी बघा. सगळीकडे काळसर-करडी झाक हवी. ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्पचे पिल्लूही काळेच असते, पण त्याचे पोट पिवळट-पांढरे आणि तळपाय फिकट असतात. उघड्या मानेची जात पहिल्या दिवसापासून मानेवरूनच कळते. गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली पिल्ले बहुधा अंड्यांच्या जातीतले नको असलेले नर असतात. त्यांच्याकडून अंड्यांची आशा धरू नका.

राहिले नर-मादी. गावरान पिल्लात पहिल्या दिवशी हे बघून सांगता येत नाही. त्यामुळे “सगळ्या तलंगा” या शब्दावर जादा पैसे देऊ नका. टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो, पाय धरून उलटे टांगले की कळते, या समजुतींना आधार नाही. पंखांच्या पिसांच्या लांबीवरून ओळखायची पद्धत खरी आहे, पण ती त्यासाठी मुद्दाम तयार केलेल्या वाणांतच आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतच चालते. काही संकरित वाणांत रंगावरून कळते. गुदद्वार दाबून बघणे हे प्रशिक्षित माणसाचे काम आहे. घरी केले तर नाजूक पिल्लू दगावते.

घरच्यांनी पाच-सहा आठवडे थांबावे. कोंबड्याचा तुरा लवकर मोठा आणि लाल होतो, पाय जाड दिसतात. तलंगेचा तुरा लहान आणि फिकट राहतो. शंका राहिली तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान आणि शेपटीलगतची पिसे बघा: नराची लांब, टोकदार आणि चमकदार, मादीची गोल टोकाची. आखाडात विकायचे कोंबडे तेव्हा वेगळे काढता येतात.

पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ९५ अंश फॅरेनहाइट ऊब ठेवा आणि दर आठवड्याला ५ अंश कमी करा. पिल्ले दिव्याखाली गठ्ठा करून चिवचिवत असतील तर ऊब कमी पडते आहे, तोंड उघडून लांब पळत असतील तर जास्त होते आहे. परभणीकडच्या डिसेंबरातल्या पहाटे अंग पिसांनी पूर्ण झाकेपर्यंत दिवा बंद करू नका. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, आणि साधारण चौथ्या आठवड्यात पुन्हा. विकत आणलेल्या पिल्लाचे वय नक्की नसेल तर विक्रेत्याच्या “लस झाली आहे” वर न राहता दोन-चार पिल्ले दवाखान्यात नेऊन दाखवा, आणि तोवर ती घरच्या कोंबड्यांपासून वेगळ्या डालग्यात ठेवा.