जनुकीय आजार असलेल्या मुलांच्या कान, नाक आणि घशाची काळजी कशी घ्यावी

मुलाला जनुकीय आजार असल्याचे निदान झाले की घरातल्यांचे लक्ष साहजिकच हृदय, वाढ आणि बौद्धिक विकास यांकडे लागते आणि कान-नाक-घशाच्या तक्रारी मागे पडतात. मूल हाकेला ओ देत नाही, उशिरा बोलते, रात्री घोरते, दिवसभर चिडचिड करते. यातली प्रत्येक गोष्ट मूळ आजाराच्या नावावर टाकली जाते. प्रत्यक्षात यातल्या पुष्कळ गोष्टींवर उपचार असतात. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाचे बोलणे लांबण्यामागे मध्यकर्णात साचलेल्या द्रवाचाही वाटा असू शकतो, आणि तो द्रव काढता येतो. म्हणून ‘या मुलांचे असेच असते’ हे उत्तर, तपासणी होण्याआधी कोणीही दिले तरी, पालकांनी स्वीकारू नये.

पहिले काम कागदाचे आहे. आजाराचे नेमके नाव, जनुकीय चाचणीचा निष्कर्ष, हृदयाची स्थिती, चालू औषधे, पूर्वी दिलेल्या भुलीचा अनुभव आणि आजवरच्या सर्व श्रवणचाचण्या तारखांसह एका पानावर लिहून ठेवाव्यात आणि ते पान प्रत्येक डॉक्टरांपुढे ठेवावे. कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अनेक निर्णयांची दिशा आजाराच्या नेमक्या नावावरूनच बदलते, हे पुढे दिसेलच.

कान आणि ऐकणे

नवजात बाळाच्या श्रवणाबाबत सर्वमान्य दंडक असा आहे: पहिल्या महिन्यात प्राथमिक चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्के निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना सुरुवात. जनुकीय आजार असलेल्या बाळासाठी मात्र जन्माच्या वेळची चाचणी चांगली येणे पुरेसे नसते. एक तर जन्माच्या वेळी बहुधा केली जाणारी ओएई ही चाचणी आंतरकर्णातील पेशींचा प्रतिसाद मोजते. तेथून मेंदूकडे जाणाऱ्या चेतामार्गाबद्दल ती काही सांगत नाही, म्हणून या बाळांसाठी बेरा चाचणीचाही (आवाजाला चेतातंतू आणि मेंदू देत असलेला प्रतिसाद मोजणारी चाचणी) आग्रह धरावा. दुसरे म्हणजे अनेक आजारांत श्रवणदोष जन्मानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी सुरू होतो आणि हळूहळू वाढतो. डाउन सिंड्रोममध्ये दोन्ही कान स्वतंत्रपणे नीट ऐकतात हे निश्चित होईपर्यंत दर सहा महिन्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी श्रवणचाचणी करावी.

चाचणीची पद्धत मुलाच्या वयावरून नव्हे, तर त्याच्या समजेवरून ठरली पाहिजे. पाच वर्षांच्या मुलाची समज दोन वर्षांच्या मुलाएवढी असेल, तर ‘आवाज आला की हात वर कर’ ही रीत उपयोगाची नाही. आवाजाकडे मान वळवणे किंवा खेळातून प्रतिसाद घेणे यांवर आधारित चाचणी श्रवणतज्ज्ञांनी निवडावी. ‘मूल सहकार्य करत नाही’ एवढ्याच शेऱ्यावर फाईल बंद होणे ही माझ्या मते या मुलांच्या बाबतीतली सर्वांत मोठी हानी आहे. अशा वेळी झोपेत किंवा गुंगीचे औषध देऊन बेरा करण्याची विनंती करावी. हृदयाच्या दुरुस्तीसाठी किंवा दातांसाठी मुलाला भूल द्यायचीच असेल, तर त्याच भुलीत बेरा आणि कानांची सूक्ष्मदर्शकाखालील सफाई होऊ शकेल का, हे दोन्ही विभागांना आधीच विचारून ठेवावे.

मध्यकर्णात द्रव साचणे ही या मुलांची नेहमीची तक्रार आहे. डाउन सिंड्रोममध्ये स्नायू शिथिल असतात आणि कान व घसा यांना जोडणारी युस्टेशियन नलिका नीट उघडत नाही. दुभंगलेला टाळू असलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळात हेच घडते. टर्नर सिंड्रोम (मुलींमध्ये एक एक्स गुणसूत्र नसणे किंवा अपुरे असणे) आणि अकॉन्ड्रोप्लेझिया (हाडांची वाढ कमी होऊन उंची खुंटणे) यांतही ते वारंवार दिसते. या द्रवामुळे कान दुखेलच असे नाही, ताप तर बहुधा नसतोच. मूल फक्त कमी ऐकू लागते, आणि तेही कधी कमी तर कधी जास्त, त्यामुळे ते ‘मुद्दाम दुर्लक्ष करते’ असा गैरसमज होतो. टिंपॅनोमेट्री या काही मिनिटांच्या, न दुखणाऱ्या तपासणीत पडद्यामागचा द्रव लक्षात येतो. द्रव तीन महिन्यांहून अधिक टिकला आणि ऐकणे कमी असेल, तर पडद्यात बारीक नळी, म्हणजे ग्रोमेट, बसवणे किंवा श्रवणयंत्र देणे हे पर्याय असतात. ज्यांची कर्णनलिका फार अरुंद आहे किंवा ज्यांना भूल देणे धोक्याचे आहे, त्यांना श्रवणयंत्र अनेकदा अधिक सोयीचे ठरते.

घरी कानात तेल, काडी, कापूस लावलेली तार किंवा बड यांपैकी काहीही घालू नये. अरुंद कर्णनलिकेत त्यामुळे मळ आणखी आत ढकलला जातो. कानातून दुर्गंधीयुक्त स्राव सतत येत असेल, तर केवळ थेंब बदलत राहू नये. पडद्यामागे हाड पोखरणारी गाठ नाही ना, हे तज्ज्ञांकडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावे.

ट्रीचर कॉलिन्स सिंड्रोमसारख्या आजारांत चेहऱ्याची हाडे कमी वाढतात आणि बाहेरचा कान व कर्णनलिका अनेकदा नीट तयार झालेली नसते, पण आंतरकर्ण बहुधा चांगला असतो. अशा बाळाला शस्त्रक्रियेच्या वयाची वाट पाहत न ठेवता मऊ पट्ट्यावर बसवलेले, हाडातून आवाज पोहोचवणारे श्रवणयंत्र पहिल्या काही महिन्यांतच द्यावे. श्रवणयंत्राची चकतीसारखी बॅटरी मात्र कुलूपबंद झाकणातच असावी. ती गिळली गेली किंवा नाकात-कानात अडकली, तर दोन तासांच्या आतही ऊती भाजू शकतात. अशा प्रसंगी वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

श्रवणदोष हाच कधी कधी इतर अवयवांच्या आजाराची पहिली खूण असतो. जन्मतः बहिऱ्या मुलाला धावताना किंवा घाबरल्यावर चक्कर येऊन शुद्ध हरपत असेल, तर ईसीजी काढलाच पाहिजे, कारण जर्वेल आणि लँग-नील्सन सिंड्रोममध्ये हृदयाच्या ठोक्यांचा जिवावर बेतणारा दोष असतो. अशर सिंड्रोममध्ये पुढे रातांधळेपणा येतो, अल्पोर्ट सिंड्रोममध्ये मूत्रपिंडे बिघडतात, पेन्ड्रेड सिंड्रोममध्ये थायरॉइडची वाढ होते. पेन्ड्रेडच्या मुलांचे डोक्याच्या मारापासून विशेष संरक्षण करावे, कारण किरकोळ धक्क्यानेही ऐकणे अचानक कमी होऊ शकते. आईकडच्या नात्यात काही प्रतिजैविकांनंतर बहिरेपण आलेल्या व्यक्ती असतील, तर ती माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी. मायटोकॉन्ड्रियातील (पेशीतील ऊर्जा तयार करणारा, आईकडून मिळणारा भाग) एका जनुकीय बदलामुळे जेंटामायसिनच्या वर्गातील औषधे अशा कुटुंबांत कान कायमचे निकामी करू शकतात.

नाक

नवजात बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेते. दूध पिताना निळे पडणारे आणि रडू लागताच पुन्हा गुलाबी होणारे बाळ दिसले, तर नाकाचा मागचा मार्ग दोन्ही बाजूंनी बंद असण्याची शक्यता असते. चार्ज सिंड्रोममध्ये (डोळे, कान, हृदय, नाक अशा अनेक अवयवांत जन्मतः दोष असणारा आजार) हे आढळते आणि ती तातडीची स्थिती आहे.

मोठ्या मुलांचे नाक चोंदलेले असेल, तर खारट पाण्याचे निर्जंतुक थेंब किंवा फवारा सुरक्षित आहे. नाक मोकळे करणारी औषधी थेंबे मात्र सल्ल्याशिवाय वापरू नयेत. जन्मापासूनच वर्षाचे बाराही महिने वाहणारे नाक आणि कफयुक्त खोकला यांना ‘ॲलर्जी’ म्हणून सोडून देऊ नये. श्वासमार्गातील सूक्ष्म केसांच्या हालचालीतील जनुकीय दोष असाच प्रकट होतो. अशा मुलांमध्ये ग्रोमेटनंतर कान सतत वाहू शकतो, त्यामुळे तिथे ग्रोमेटचा निर्णय जपून घ्यावा लागतो. लहान मुलाच्या नाकात मांसांकुर (पॉलिप) दिसले, तर सिस्टिक फायब्रोसिससाठी (फुप्फुसांत आणि पचनमार्गात चिकट स्राव साचणारा जनुकीय आजार) घामाची चाचणी करून घ्यावी.

नाकातून रक्त आल्यास मुलाला बसवून किंचित पुढे वाकवावे आणि नाकाचा मऊ भाग सलग 10 मिनिटे दाबून धरावा, मधूनमधून सोडून पाहू नये.

घसा, झोप आणि शस्त्रक्रिया

घोरणे, झोपेत श्वास थांबून दचकणे, मान मागे टाकून किंवा बसल्या बसल्या झोपणे आणि खूप घाम येणे ही झोपेत श्वास अडण्याची लक्षणे आहेत. पण लक्षणांवर विसंबू नये. डाउन सिंड्रोममध्ये पालकांना दिसणारी लक्षणे आणि तपासणीतील निष्कर्ष यांचा मेळ अनेकदा बसत नाही, म्हणून प्रत्येक मुलाची चार वर्षांच्या आत एकदा स्लीप स्टडी (झोपेतील श्वास आणि ऑक्सिजन रात्रभर नोंदवणारी तपासणी) करावी. प्राडर-विली सिंड्रोममध्ये (शिथिल स्नायू आणि न भागणारी भूक असणारा आजार) वाढीचे संप्रेरक सुरू करण्यापूर्वी ती करावी, आणि अकॉन्ड्रोप्लेझियामध्ये तर बाळपणातच.

टॉन्सिल आणि ॲडिनॉइड (नाकाच्या मागे असलेली टॉन्सिलसारखी गाठ) काढणे हा नेहमीचा उपाय, पण इथेच आजाराचे नाव सर्वांत महत्त्वाचे ठरते. 22क्यू11 डिलीशन (22व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा नसणे) असलेल्या मुलांत टाळू आधीच अपुरा काम करतो. ॲडिनॉइड काढल्यावर आवाज नाकातून येऊ लागतो आणि दूध-पाणी नाकावाटे बाहेर येऊ शकते. त्यांच्या मानेतील मोठी रक्तवाहिनी घशाच्या मध्याकडे सरकलेली असू शकते आणि रक्तातील कॅल्शियमही कमी असू शकते, म्हणून या तिन्ही गोष्टी शस्त्रक्रियेपूर्वी तपासाव्यात. डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे मणके अस्थिर असू शकतात आणि श्वासनलिका अरुंद असते. मान फार मागे न झुकवण्याबद्दल आणि लहान आकाराच्या नळीबद्दल भूलतज्ज्ञांशी आधीच बोलावे. हर्लर आणि हंटर सिंड्रोममध्ये (विशिष्ट पदार्थ न मोडल्याने ते ऊतींत साठत जाणारे आजार) श्वासनलिकेत नळी घालणे अतिशय कठीण असते. या मुलांची अगदी छोटी शस्त्रक्रियासुद्धा मुलांचा अतिदक्षता विभाग आणि अनुभवी भूलतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयातच व्हावी.

शस्त्रक्रियेनंतर पहिली रात्र रुग्णालयात देखरेखीखाली काढावी. 12 वर्षांखालील मुलाला वेदनाशामक म्हणून कोडीन देऊ नये. डाउन सिंड्रोममध्ये श्वास अडणे पूर्णपणे थांबेलच असे नसते, त्यामुळे काही महिन्यांनी पुन्हा स्लीप स्टडी करावी. टॉन्सिल काढल्यावर दोन आठवड्यांपर्यंत रक्तस्राव होऊ शकतो आणि बोलता न येणारे मूल ते सांगू शकत नाही. झोपेतही ते वारंवार आवंढे गिळत असेल, उशीवर ताजे रक्त दिसले किंवा उलटीत रक्त आले, तर सकाळची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे.