स्लायडर टोकाला गेला, तरी माउस हळूच?

पुस्तकाची पानं लावणाऱ्या माणसाचा हात दिवसभर माउसवर असतो. माझ्या टेबलावर दोन स्क्रीन आहेत. डावीकडे लेखकाने लाल शाईने रंगवलेलं प्रूफ स्कॅन करून उघडलेलं, उजवीकडे इनडिझाइनमधलं (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधलं) पान. एकीकडून दुसरीकडे जायचं तर माउस सरकवा, उचला, मागे आणा, पुन्हा सरकवा. प्रूफं तपासणारे काका शेजारी असले तर "अगं तिथं नाही, वरच्या ओळीत" म्हणत त्यांचं बोट आधी पोचतं आणि माझा बाण मागून. सेटिंगमधला माउसच्या वेगाचा स्लायडर उजव्या टोकाला टेकवूनही हेच होत असेल, तर पुढचं वाचा.

आधी टेबल बघा. काच टाकून तिच्याखाली व्हिजिटिंग कार्डं आणि कॅलेंडर सरकवलेलं असेल, तर सेटिंगला हात लावू नका. साध्या ऑप्टिकल माउसला काचेवर नीट दिसतच नाही. पॅड घ्या, नाहीतर जुन्या वहीचा पुठ्ठा ठेवा.

मग माउस उलटसुलट करून बघा. चाकाच्या मागे एखादं छोटं बटण असेल तर ते बहुधा डीपीआयचं. छपाईतल्या 300 डीपीआयशी याचं काही नातं नाही. माउस एक इंच हलला की तो संगणकाला किती टप्पे कळवतो, तो हा आकडा. 800 चा माउस इंचाला 800 टप्पे पाठवतो. विंडोजवर स्लायडर मध्यावर आणि प्रवेग (हात झटक्यात हलला की बाण जास्त पळवणारी सोय, तिच्याबद्दल पुढे) बंद असेल, तर एक टप्पा म्हणजे एक पिक्सेल. प्रत्येकी 1920 पिक्सेलच्या दोन स्क्रीन शेजारी असतील, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत 4.8 इंच हात न्यावा लागतो. 1600 केलं की 2.4 इंच. म्हणून वेग वाढवायचा तर आधी माउसमध्येच वाढवावा. तिथे मिळालेला वेग अचूकही असतो.

मॅकवाल्यांची अडचण वेगळी. ॲपलच्या मॅजिक माउसला असलं बटणच नाही. पण सिस्टिम सेटिंग्जमधल्या ट्रॅकिंग स्पीडची शेवटची खाच म्हणजे आत नोंदलेला 3 हा आकडा, आणि टर्मिनलमधून, म्हणजे मॅकला टाइप करून हुकूम द्यायच्या खिडकीतून, तो त्याहून मोठा करता येतो. मैत्रिणींना फोनवर सांगते तसंच सांगते. टर्मिनल उघडा, कीबोर्ड मराठीवर असेल तर इंग्रजीवर आणा (आपल्यापैकी निम्म्या जणी इथेच अडकतात) आणि सगळं लहान अक्षरांत टाइप करा. डिफॉल्ट्स, शेवटच्या एससकट. एक जागा सोडा. रीड. जागा. वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून जी. जागा. मग मधे कुठेही जागा न सोडता: कॉम, टिंब, ॲपल, टिंब, माउस, टिंब, स्केलिंग. एंटर. सध्याचा आकडा दिसेल, तो कागदावर लिहून ठेवा. आता तीच ओळ पुन्हा, फक्त 'रीड'च्या जागी 'राइट' (लिहिण्याचं, डब्ल्यूने सुरू होणारं), आणि शेवटी जागा सोडून 4.

एंटर केल्यावर काहीच बदलत नाही. घाबरू नका. फाइली सेव्ह करा, लॉग आउट होऊन परत लॉग इन करा, मग फरक कळेल. ओळ व्हॉट्सॲपवरून कुणी पाठवली असेल तर कॉपी करण्यापेक्षा हाताने टाइप करा, कारण वाटेत कधी कधी वजाच्या चिन्हाची लांब रेघ होते आणि टर्मिनलला ती कळत नाही. ट्रॅकपॅडसाठी हीच ओळ 'माउस'ऐवजी 'ट्रॅकपॅड' घालून. दोघांचे आकडे वेगळे राहतात.

एकदम 10 वर उडी मारू नका. 4, मग 5. प्रत्येक वेळी इनडिझाइनमध्ये मजकुराच्या चौकटीच्या कोपऱ्यातला तो चिमुकला चौकोन पहिल्या झटक्यात पकडता येतो का ते बघा. दोनदा हुकला तर आकडा उतरवा. जास्तच बिनसलं तर सेटिंग्जमध्ये जाऊन स्लायडर जरासा हलवा, तुमचा आकडा पुसून त्याचा बसतो. हे उलटंही लागू आहे बरं का: कुणी सहज म्हणून स्लायडरला हात लावला की तुमची मेहनत गेली.

आता प्रवेगाचं. हात झटक्यात हलला की बाण जास्त लांब पळतो, हळू हलला की कमी. पुष्कळांची तक्रार वेगाची नसतेच, याची असते. मॅकवर व्हेंचुरा या आवृत्तीपासून सेटिंग्जमधल्या माउसच्या ॲडव्हान्स्डमध्ये 'पॉइंटर ॲक्सिलरेशन' बंद करायची सोय आहे. विंडोजवर त्याचं नाव 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन'. विंडोजचं बटण आणि आर दाबून इंग्रजीत मेन (मुख्य या अर्थाचं), टिंब, सीपीएल सलग लिहा, माउसची जुनी खिडकी उघडते, तिथे आहे. रेषा आखणं, चौकटी जुळवणं असं काम असेल तर मी बंदच ठेवायला सांगेन. एकाच स्क्रीनवर नुसतं टायपिंग असेल तर राहू द्या.

त्याच खिडकीत वेगाच्या 11 खाचा असतात. सहावी म्हणजे जशास तसं, शेवटची म्हणजे साडेतीनपट. पण सहाव्याच्या पुढे गेलात आणि प्रवेग बंद असला की बाण मधले पिक्सेल गाळत उड्या मारतो, बारीक रेघ पकडताना जीव जातो. विंडोजवर म्हणून खाच सहावी आणि डीपीआय वाढवलेला, हेच उत्तम. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदींत, जाऊन उपयोग नाही, तिथे आकडा 1 ते 20 असतो आणि 20 म्हणजे तीच शेवटची खाच.

लिनक्सवर स्क्रीन दाखवायच्या दोन पद्धती आहेत, जुनी एक्स-इलेव्हन आणि नवी वेलँड. एक्स-इलेव्हन सत्रात एक्सइनपुट या हुकुमाने माउसचं 'कोऑर्डिनेट ट्रान्सफॉर्मेशन मॅट्रिक्स' बदलता येतं. नऊ आकड्यांतला पहिला आणि पाचवा 1 चा 2 केला की वेग दुप्पट. पुन्हा सुरू केल्यावर ते जातं, आणि वेलँडवर हा मार्ग चालत नाही.

मॅक काय, विंडोज काय, हे आकडे ज्याच्या त्याच्या खात्यापुरते असतात. एकाच मशीनवर दोन पाळ्यांत काम चालत असेल तर दोघांची खाती वेगळी करून घ्या. डीपीआयचं बटण मात्र माउसमध्येच असतं, तेव्हा शक्य असेल तर माउसही आपापला.