३४१ मीटिंगआधी सातबारा काढा

अमेरिकेत चॅप्टर ७ खाली (म्हणजे असेल ती मालमत्ता विकून धनकोंना देणं आणि उरलेलं कर्ज माफ होणं) दिवाळखोरीचा अर्ज केला की साधारण २१ ते ४० दिवसांत धनकोंची बैठक लागते. कायद्याच्या ३४१व्या कलमावरून तिला ३४१ मीटिंगच म्हणतात. माझी पहिली तारीख वाया गेली, म्हणून हे लिहितेय.

फोटो असलेलं ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी नंबरचा पुरावा लागतो. अर्जाच्या दिवशीचं बँक स्टेटमेंट लागतं. शेवटचं टॅक्स रिटर्न ट्रस्टीकडे, म्हणजे तुमची केस बघणाऱ्या आणि ही बैठक घेणाऱ्या माणसाकडे, तारखेच्या सात दिवस आधी पोचलं पाहिजे. एवढं वकील सांगतातच.

वकील बहुधा विचारणार नाहीत ते गावच्या जमिनीचं. तुमचं नाव सातबाऱ्यावर आहे का, ते आजच बघा. बाबा गेल्यावर भावाने वारसनोंद केली, तेव्हा आईच्या आणि त्याच्याबरोबर माझंही नाव लागलं होतं. त्या शेतातून मला कधी एक रुपया आला नाही, म्हणून ते ‘माझं’ आहे असं मनातच आलं नाही. शपथ झाली, रेकॉर्डिंग चालू होतं आणि ट्रस्टीने विचारलं, अमेरिकेबाहेर काही मालमत्ता? मी अडखळले, मग खरं सांगितलं. बैठक तिथेच तहकूब. उतारा काढा, इंग्रजीत भाषांतर करा, किंमत काढा, शेड्यूल (अर्जासोबतच्या मालमत्तेच्या आणि कर्जांच्या याद्या) दुरुस्त करा, पुन्हा तारीख घ्या. भावाला तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागल्या ते वेगळंच.

जगात कुठेही असलेला हिस्सा शेड्यूल ए/बीमध्ये लिहायचा. वाटणी झाली नसली तरी. जमीन भाऊ कसत असला तरी. सातबारा महाभूलेखवर गट नंबर घालून घरबसल्या दिसतो, त्यामुळे सबब चालत नाही. जाणूनबुजून लपवलं तर कर्जमाफी नाकारली जाते, आणि खोट्या शपथेला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आणि कृपा करून घाईघाईने भावाला हक्कसोडपत्र लिहून देऊ नका. अर्जाआधीच्या दोन वर्षांत फुकट दिलेलं ट्रस्टी परत मागू शकतो. आईबरोबरची जॉइंट एफडी, एलआयसीची पॉलिसी, सासूबाईंच्या लॉकरमधले तुमचे दागिने, हेही विसरू नका.

नातेवाइकांची उसनवारी वर्षभरात फेडली असेल तर तारखा आणि रकमा हाताशी ठेवा, हमखास विचारतात. नणंदेचे पैसे आधी देणं आपल्याला सभ्यपणा वाटतो, कायद्याला तो पक्षपात वाटतो.

बैठकीची भीती बाळगू नका. न्यायाधीश तिथे नसतात, कायद्यानेच येऊ शकत नाहीत. धनको क्वचितच येतात. आता बहुतेक ठिकाणी झूमवर होते आणि पाच-दहा मिनिटांत आटोपते. अर्ज वाचून सही केली का, सगळी मालमत्ता आणि सगळी कर्जं लिहिली का, कोणाकडून पैसे येणं आहे का, असे प्रश्न. विचारलं तेवढंच सांगा. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा, अंदाज ठोकू नका. इंग्रजीत अडत असेल तर दुभाषा फोनवर फुकट मिळतो, तो आधी मागून ठेवा. नवऱ्याला शेजारी बसवून उत्तरं विचारू नका.

नंतर दुसरा कोर्स, पैसे कसे सांभाळावेत याचा (पहिला अर्जाआधीच होतो), बैठकीच्या पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत. पत्ता बदलला तर कळवा. अर्जानंतर १८० दिवसांत वारसाहक्काने काही आलं तर तेही कळवा, म्हणजे पुन्हा सातबारा.