एक नॅनोमीटरचा थर आणि माझे तीन आठवडे

ऐरोलीत घरच्या लॅपटॉपवर गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकाच्या क्वांटम वेलचं (इलेक्ट्रॉनला अडकवून ठेवणारा काही नॅनोमीटरचा थर) सिम्युलेशन करत होतो. वेल आणि बॅरिअर (इलेक्ट्रॉनला अडवणारे दोन्ही बाजूंचे थर) यांच्या मध्ये १ नॅनोमीटरचा अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडचा थर टाकला. बॅरिअर उंच झाला की इलेक्ट्रॉनच्या पहिल्या दोन ऊर्जा-पातळ्यांतलं अंतर वाढायचं, म्हणजे इन्फ्रारेड शोषणाचं शिखर कमी तरंगलांबीकडे सरकायला हवं. माझं शिखर जागचं हललंच नाही.

आधी ग्रिड, म्हणजे गणितासाठी घेतलेल्या ठिपक्यांमधलं अंतर, पाहिलं. ०.५ नॅनोमीटर! म्हणजे अख्खा थर दोन ठिपक्यांत. ०.०५ केलं, तर शिखर हललं, पण उलट्या दिशेला.

खरी चूक ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्या उभ्या सुचली. नायट्राइडमध्ये पदार्थ बदलला की त्या सीमेवर ध्रुवीकरणाचा (स्फटिकातले धन-ऋण भार मुळातच थोडे सरकलेले असतात, त्याचा) विद्युतभार साचतो आणि वेलमधलं क्षेत्र सेंटिमीटरला लाखो व्होल्टवर जातं. नव्या थराने प्रत्येक बाजूला एकीच्या दोन सीमा केल्या होत्या. मी भार मात्र जुन्याच जागी ठेवला होता. प्रत्येक सीमेवर दोन्हीकडच्या ध्रुवीकरणातल्या फरकाचा भार योग्य चिन्हासह घातला, थरांच्या एका आवर्तनातली (पुन्हा पुन्हा येणाऱ्या संचातली) बेरीज शून्य येते का तेही तपासलं. शिखर मुकाट्याने योग्य बाजूला गेलं.

गाईड मॅडमनी फक्त विचारलं, “प्रकाशाचं विद्युतक्षेत्र थरांना लंब घेतलंयस ना? नाहीतर शोषणच नाही.” ते तेवढं बरोबर होतं, नशीब.