सूर्याचा स्फोट करू नका! ताऱ्यांचं म्हातारपण समजावताना या चुका टाळा

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पावसाळ्याआधी दोन-तीनदा दुर्बीण लागते. पोरं येतात, त्यांच्यामागून पालक येतात आणि प्रश्न ठरलेला: "काका, सूर्य फुटणार कधी?" फुटणार नाही. एकट्या ताऱ्याला तसं मरण हवं असेल तर तो सूर्याच्या साधारण आठपट तरी जड लागतो. कृष्णविवराचं तर नावच नको.

पुढची चूक मी स्वतः कितीतरी वर्षं केली. सिलिंडर संपला की शेगडी विझते, तसा सूर्य विझेल, असं सांगायचो. एकदा आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "विझताना तो फुगतो कसा मग?" मी गप्प!

खरं तर हायड्रोजन संपतो तो फक्त गाभ्यातला. बाहेर रग्गड उरलेला असतो. गाभ्यात हेलियमची राख साठते, तिथली आच थांबते, मग गाभा स्वतःच्याच वजनानं आकसतो आणि आकसता आकसता तापतो. त्या धगीनं भोवतीच्या थरातला हायड्रोजन पेट घेतो, तोही आधीपेक्षा जोरात. वरचे थर फुगतात ते या जोरानं. पुढे गाभा दहा कोटी अंशांपर्यंत तापला की हेलियमचा कार्बन व्हायला लागतो. ('पेटणं', 'राख' हे आपले बोलण्याचे शब्द. ज्वलन नव्हे, अणूंचं मीलन.)

असा फुगलेला तारा तांबडा दिसतो, म्हणून त्याला तांबडा राक्षसी तारा म्हणतात. पण तांबडा म्हणजे मंद, असंही समजू नका. पृष्ठभाग थंडावतो, पण पसारा एवढा वाढतो की एकूण उजेड कैकपट होतो. पुरावा डोक्यावरच आहे. मे अखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास सप्तर्षीच्या शेपटीची कमान तशीच पुढे न्या, नारिंगी स्वाती सापडेल. मुंबईवरून ती जवळजवळ बरोबर माथ्यावरून जाते, दिव्यांच्या झगमगाटातही दिसते. वजन सूर्याच्या आसपास, व्यास सुमारे पंचवीसपट, उजेड शंभरपटीहून जास्त. सूर्याचं म्हातारपण बघायचं तर तिच्याकडे बघा.

'अजून पाचशे कोटी वर्षं निवांत' हेही अर्धवट. सूर्य दर शंभर कोटी वर्षांनी सुमारे दहा टक्के प्रखर होतोय. तांबडा राक्षसी तारा व्हायच्या कितीतरी आधी आपले समुद्र आटतील.

फुगलेले थर शेवटी अवकाशात निघून जातात, त्यांचा ग्रहीय तेजोमेघ होतो. ग्रहांशी त्याचा काडीचा संबंध नाही. जुन्या दुर्बिणींतून तो ग्रहासारखा गोल दिसायचा म्हणून ते नाव. अभिजित ताऱ्याजवळचा कंकणाकृती तेजोमेघ दाखवणार असाल तर फोटोतले रंग आधी दाखवू नका. गच्चीवरून दिसलाच तर राखाडी डाग दिसतो, आणि पोरं हिरमुसतात.

मागे उरतो तो नुसता गाभा, म्हणजेच श्वेत बटू. नवी ऊर्जा बनवत नाही, नुसता निवत राहतो. हिवाळ्यात दिसणाऱ्या व्याध ताऱ्याचा जोडीदार याच जातीचा, 1862 साली दिसलेला: वजन जवळपास सूर्याएवढं, आकार पृथ्वीएवढा. तो व्याधाच्या झगझगाटात बुडालेला असतो. आमच्या दुर्बिणीतून आजवर एकदाही दिसलेला नाही, तेव्हा लेन्स पुसत बसू नका.