अशनीच्या पातळ छेदातले काळे ठिपके ओळखायचे कसे?

दगडी अशनीचा ०.०३ मिमी जाडीचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की धातू, ट्रॉइलाइट (लोह आणि गंधकाचे खनिज) आणि क्रोमाइट (लोह-क्रोमियमचे ऑक्साइड खनिज) तिन्ही सारखेच काळेकुट्ट दिसतात. परावर्तित प्रकाशाची सोय नसेल तर साधी टॉर्च पुरते.

१. ४ किंवा १० पटीचीच ऑब्जेक्टिव्ह (छेदाजवळचे भिंग) लावा. मोठी काचेच्या इतकी जवळ येते की उजेड आत शिरत नाही.
२. काळ्या कणावर फोकस करून खालचा दिवा बंद करा.
३. बाजूने, तिरकी टॉर्च धरा आणि हात सावकाश वरखाली करा. एका कोनात कण एकदम चमकतो. चांदीसारखा पांढरा असेल तर लोह-निकेल धातू, पितळी पिवळसर असेल तर ट्रॉइलाइट, मंद राखाडी राहिला तर बहुधा क्रोमाइट.

गुजरातेत १९७६ साली पडलेल्या धजाला अशनीसारख्या एच गटातल्या (जास्त लोह असलेल्या दगडी अशनींच्या) छेदात धातू भरपूर असतो, सरावाला उत्तम. गोल कॉन्ड्रूलच्या (अशनीतल्या खनिजांच्या बारीक गोळ्यांच्या) कडेने चमकणारे कण पाहताना मला अजूनही भान राहत नाही.

छेदावर वरची काच नसेल तर तो पाण्याने पुसू नका, बोटही लावू नका. धातू गंजतो आणि तांबूस डाग कायमचा राहतो.