ओकच्या सावलीतली हिरवळ

ह्यूस्टनमध्ये घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात बर्म्युडा होती, म्हणजे आपली हरळीच. उन्हात ती झकास. पण लाइव्ह ओक या सदाहरित झाडाच्या खाली विरळ होत होत पार माती दिसायला लागली. खतपाणी वाढवूनही फरक पडेना, कारण तिला दिवसाचं निदान 6 तास थेट ऊन लागतं. उत्तरेकडे सर्रास दिसणारं फेस्क्यू गवत इथल्या उन्हाळ्यात तग धरत नाही. झॉयशिया जातीची हिरवळ चालली असती, पण ती फार सावकाश पसरते.

शेवटी सेंट ऑगस्टीन नावाची हिरवळ लावली. तिचं 4 तासांच्या उन्हावरही भागतं. बी सहसा मिळत नाही, म्हणून मातीसकट तुकडे आणून एप्रिलमध्ये फूट-फूट अंतरावर लावले, पायाने दाबले, मुळं धरेपर्यंत रोज पाणी दिलं. जाड, चपटे धुमारे जमिनीलगत सरकत पेरापेराला मुळं सोडतात, ते बघायला फार छान वाटतं! कापताना 3 इंचांच्या खाली जायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. भर उन्हाळ्यात पिवळे डाग पडले तर पाणी वाढवण्याआधी चिंच-बग नावाचे बारीक किडे आहेत का ते बघा. ओकच्या खोडालगत मात्र काहीच तगलं नाही. तिथे पालापाचोळ्याचं आच्छादन घातलंय.